आडवी शिडी

ताराचंद खोलकुटे मिस्त्रीला किळस लवकर यायची, आणि ती त्याला लपवता यायची नाही. लाकडाचा तुकडा हातात आला की तो आधी नाकाशी न्यायचा. वास पसंत पडला तर गप्प बसायचा. नाही पडला तर पहिल्याच घासाला दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करायचा. नागपूरच्या लकडगंजातले लाकडाचे व्यापारी त्याला लांबून येताना पाहिलं की बरा माल पुढे ओढायचे. हे काही त्याच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. त्याच्या त्या एका तोंडामुळे शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक चालतं व्हायचं, हे त्यांनी चारदा पाहिलेलं होतं.

तो मूळचा नरखेड तालुक्यातला. बाप गावचा सुतार. बैलबंडीची चाकं, वखरं, खाटेचे खूर सगळंच करायचा, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते शिड्यांसाठी. संत्र्याची तोड जवळ आली की बागायतदारांचे निरोपावर निरोप यायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून ताराचंद बापाशेजारी बसून पायऱ्या तासत होता. दोन उभ्या दांड्यांना खाचा पाडायच्या, पायरीची दोन्ही टोकं बारीक तासून त्यांचं कुसू काढायचं, ते खाचेत घालून लाकडी हातोड्याने ठोकायचं, आणि वरून तारेचा वेढा द्यायचा. खाच आणि कुसू यांत केसाएवढीही फट राहिली नाही म्हणजे बाप काही बोलायचा नाही, आणि बापाचं न बोलणं हेच त्या घरात कौतुक असायचं.

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडची गावं पडली तेव्हा ताराचंद एकोणीस वर्षांचा होता. नागपुरातून मदतीचे ट्रक निघाले, त्यांतल्या एकावर मिस्त्री म्हणून चढला आणि दीड महिना तिकडेच राहिला. परत आल्यावर लोक विचारायचे, काय काय पाहिलं? माणसांबद्दल तो कधीच बोलला नाही. तो भिंतींबद्दल बोलायचा आणि बोलताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं. अडीच-अडीच फूट जाड भिंती, दिसायला बुरुजासारख्या. आत पाहावं तर बाहेरून दगडांची एक रांग, आतून एक रांग, आणि मधे नुसती माती आणि चिपा भरलेल्या. दोन रांगांना एकमेकींशी बांधणारं काही म्हणजे काही नाही. जमीन हलली तशी बाहेरची रांग अंगणात गेली आणि आतली झोपलेल्या माणसांवर. मधोमध लाकडाचे खांब आणि तुळया मात्र कितीतरी घरांत जशाच्या तशा उभ्या होत्या.

“ते भिंत नव्हती गा,” तो म्हणायचा. “भिंतीचं सोंग होतं.”

सहा वर्षांनी गढवालात भूकंप झाला. तिथे घरं बांधणाऱ्या एका संस्थेला सुतार हवे होते, म्हणून हा गेला, आणि दोन वर्षं थंडीने कुडकुडत राहिला. तिथे त्याने आयुष्यात पहिल्यांदा दगडाच्या भिंतीला मान दिला. दीडशे-दोनशे वर्षांची जुनी घरं होती, सिमेंटचा कण नाही, आणि भूकंपात त्यांचे चार दगड सरकले एवढंच. कारण भिंतीत दर दोन-तीन फुटांवर लाकडाची एक शिडी आडवी झोपवलेली होती. दोन लांब दांडे, एक बाहेरच्या रांगेखाली आणि एक आतल्या, आणि त्या दोघांना धरून ठेवणारे मधले आडवे तुकडे. कोपऱ्यावर एका भिंतीची शिडी दुसऱ्या भिंतीच्या शिडीत अडकवलेली, म्हणजे चारी भिंती मिळून एक पेटी झाली. जमीन हलते, दगड कुरकुरतात, पण बाहेरची रांग आतल्या रांगेला टाकून जाऊ शकत नाही.

तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने हे त्याला आधी तोंडाने सांगितलंच नाही. त्याने ताराचंदचे दोन्ही हात धरले, त्याला पकडायला सांगितलं आणि जोरात मागे झुकला. ताराचंदही मागे झुकला. दोघांच्या पकडीवर दोघं उभे राहिले. “चढ़ने की नहीं, पकड़ने की सीढ़ी है,” म्हातारा म्हणाला. ताराचंद हे वाक्य पुढे शंभरदा तरी लोकांना सांगत आला. ऐकणारे मान डोलवायचे आणि चहा मागवायचे.

मग नागपूर. वाडीत अमरावती रोडला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे दोन भाड्याच्या खोल्या घेतल्या, लग्न झालं, संसार झाला, आणि पुढची वीस-बावीस वर्षं त्याने जे केलं त्याला तो काम म्हणायला तयार नव्हता. भुसा दाबून केलेल्या पाट्या आणायच्या, त्यांवर सागाचं चित्र छापलेला कागद चिकटवायचा, आणि घरमालकिणीने शेजारणीला ते सागवान म्हणून दाखवलं की खाली मान घालून उभं राहायचं. दोन पावसाळ्यांत त्या पाट्या भिजल्या पोळीसारख्या फुगायच्या. लोक त्यालाच फोन करायचे. त्याला त्या पाट्यांचा वास सहन व्हायचा नाही, डोकं चढायचं, पण पोट कुणाला चुकलंय. जेवायला बसल्यावरही तो आधी हाताचा वास घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. वंदना, त्याची बायको, म्हणायची, “अवो, ते भाजी हाय, फळी नाही.”

अशात गार्गीचा फोन आला. गार्गी वाडीचीच, तिच्या वडिलांच्या घराचे दरवाजे ताराचंदने केले होते आणि ती लहानपणापासून त्याला काका म्हणायची. आता ती इंजिनिअर होऊन उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका गावात होती. दोन वर्षांपूर्वी तिथे भूकंप झाला होता, आणि तिची संस्था त्या गावाची शाळा आणि घरं पुन्हा बांधत होती. दगड तिथलाच. लाकूड मात्र तिथे तोडायला बंदी.

“काका, आडव्या शिड्या पाहिजेत,” ती म्हणाली. “भिंतीत घालायच्या. तुम्ही सांगायचे ना, धरायच्या शिड्या? त्याच. साग नागपुरातून घेऊ आणि करून तुम्हीच द्या. शाळेसाठी चाळीस, मग घरांसाठी तीनशे.”

बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांनी मान डोलवून चहा मागवला होता, ती कुणीतरी खरंच मागत होतं.

संस्थेला पक्कं बिल देणारा कुणीतरी लागत होता, म्हणून काम जितेंद्रच्या शेडमध्ये लागलं. जितेंद्र हा गोदामांच्या रांगेतच फर्निचरचा कारखाना चालवणारा माणूस. गोड बोलणारा, हातात कायम दोन फोन, आणि समोरच्याला खांद्यावर हात ठेवून विकून टाकेल असा. ताराचंद त्याच्याकडे अधूनमधून कामाला असायचाच. गार्गीने नकाशा पाठवला. त्यात दांडे किती लांब, आडवे किती अंतरावर, सगळं होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘लकड़ी की सीढ़ी’ असं लिहिलेलं. सांधा मात्र काढलेला नव्हता. “सांधा तुम्हीच ठरवा, काका,” गार्गी म्हणाली. “मला पुस्तकातलं येतं, तुम्हाला हातातलं.”

शाळेच्या चाळीस शिड्यांना ताराचंदने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लाकूड स्वतः निवडलं. सालीकडचा पांढरा भाग काढून टाकायला लावला, व्यापारी रडकुंडीला आला. शेडमध्ये पंधरा दिवस खऱ्या सागाचा वास होता. बावीस वर्षांत प्रथमच हात डोक्याला न विचारता चालत होते. खाच, कुसू, हातोडा. खाच, कुसू, हातोडा. तारेचा वेढा मात्र त्याने मुद्दाम दिला नाही. भिंतीच्या ओलीत तार गंजते, आणि वरून एवढा दगड बसणार, आडवे जातील कुठे? संध्याकाळी घरी आला की वंदना म्हणायची, “आज तोंड सरळ दिसते बाप्पा तुमचं.” शाळेचा ट्रक निघाला तेव्हा त्याने गार्गीला सांगितलं, “शाळेले माह्या हातच्या लाव. घराइले बाकीच्या.” एक जास्तीची केलेली शिडी त्याने नमुना म्हणून शेडमध्ये ठेवून घेतली, म्हणजे पुढच्या तीनशे करणाऱ्या पोरांना पाहायला होईल.

शाळेची ऑर्डर होती म्हणून जितेंद्र तोवर गप्प होता. अडीच-तीन महिन्यांनी तीनशेंचं काम सुरू व्हायच्या दिवशी ताराचंद शेडमध्ये आला आणि दारातच थांबला. आधी वास आला. मग ढीग दिसला. गोदामांत मशिनं ज्यांवर ठेवून येतात ती खोकी आणि चौकटी फोडून आणलेल्या फळ्या. पांढरं, हलकं, भुसभुशीत लाकूड. कुठे काळ्या तेलाचे डाग, कुठे बुरशी, कुठे उंदरांच्या लेंड्या चिकटलेल्या. एका फळीवर कुणीतरी सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकलेला आणि तो वाळून पापुद्रा धरलेला. एक माणूस ब्रशने त्या फळ्यांवर तपकिरी रंग मारत बसला होता, आणि रंग त्या खर्ऱ्याच्या पापुद्र्यावरूनच फिरत होता. पलीकडे दुसरे दोघे आडवे तुकडे दांड्यांवर ठेवून चुका, म्हणजे बारके खिळे, ठोकत होते. एका आडव्याला दोन चुका. ठक ठक, झाली शिडी.

ताराचंद बाहेर जाऊन थुंकून आला.

“सेठ, हे काय हाय?”

“काहून? शिड्या हायेत,” जितेंद्र म्हणाला.

“ह्या भिंतीत घालाच्या हायेत. ह्याइच्यावर दगड बसन. खाली माणसं झोपतीन.”

“मिस्त्री, भिंतीतच जातीन ना? मग कोन पाहून राहिलं?” जितेंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “शाळेले तुम्ही हिरे लावले, मी काही बोललो? आता मले बी जगू द्या.”

हा हात ताराचंदने खांद्यावरून असा काढला, जसा माणूस अंगावर चढलेला किडा काढतो. त्याच दुपारी त्याने गार्गीला फोन करून सगळं सांगितलं. ती हबकली. तिला तिथून हलता येत नव्हतं, पण तिने संस्थेला सांगितलं, आणि संस्थेने माल तपासायला नागपुरातल्याच एका तपासणी कंपनीचा माणूस पाठवायचं ठरवलं. ताराचंदला बरं वाटलं. आता कुणीतरी शिकलेला येईल, एक फळी हातात घेईल, वास घेईल, आणि विषय संपेल, असं त्याला खरोखर वाटलं होतं.

आला तो ऋषिकेश नावाचा मुलगा. स्वच्छ बूट, हातात टॅब, आणि तोंडात विलायची. त्याने ढिगाकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं. टॅबवर लिहिलेलं होतं, लाकडी शिडी, तीनशे नग. त्याखाली त्याच्या कंपनीने आपल्या ठरीव यादीतून शिडीची तपासणी जशीच्या तशी टाकून दिली होती. त्याने एक शिडी उचलायला लावली, शेडच्या खांबाला टेकवली आणि रंग मारणाऱ्या माणसाला म्हणाला, “चढा.”

तो माणूस चढला. वर गेला, खाली आला.

“आता दोघं चढा.”

दोघं चढले. जितेंद्रने टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. ऋषिकेश टॅबवर खुणा करत होता. प्रत्येक पायरीवर भार, बरोबर. डगमग, नाही. ताराचंद हे पाहत उभा होता आणि आधी त्याला हे खरं वाटेना. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

“साहेब, ह्या चढाच्या शिड्या नाहीत.”

“मग शिडी कशासाठी असते, काका?” ऋषिकेशने अगदी नम्रपणे विचारलं, आणि शेडमधले सगळे हसले.

“ह्या आडव्या ऱ्हायतात. भिंतीत.”

“आडव्या ठेवल्या तर अजूनच सोपं. पडणार नाहीत.” पुन्हा हशा.

हसण्याचं ताराचंदला काही नव्हतं, हसणारे रोजच भेटत. त्याला शिसारी आली ती त्या मुलाच्या विलायचीची, त्याच्या स्वच्छ बुटांची, तपासणी या शब्दाची. गावभरच्या घरांच्या भिंती, आणि हा माणसांना चढवून पाहतो. रंगाने माखलेल्या हाताचा तो माणूस शिडीवरून उतरून विजारीला हात पुसत होता. शेडमधल्या प्रत्येक गोष्टीला घाण लागली आहे असं ताराचंदला वाटलं.

“थांबा,” तो म्हणाला. “मी दाखवतो कशी पाहाची ते.”

गोदामाच्या दारात धोंडबा ड्रायव्हरचा ट्रक माल उतरवून रिकामा उभा होता. धोंडबा त्याच्या ओळखीचा. ताराचंदने त्याच्याकडून साखळ्या मागून घेतल्या. खोक्यांच्या फळ्यांची शिडी जमिनीवर आडवी घातली. एक दांडा शेडच्या लोखंडी खांबाला साखळीने बांधला, दुसरा ट्रकच्या मागच्या हुकाला. ऋषिकेशला हात धरून जवळ उभं केलं.

“जमीन हलते तं दोन्ही बाजूची भिंत अशी बाहेर पळते,” तो म्हणाला. “शिडीनं तिले धरून ठेवाचं ऱ्हायते. हे तिचं काम. धोंडबा, हळूहळू घे गा.”

ट्रक पुढे सरकला. साखळी ताणली. शिडी करकरली, चुका वाकल्या, फळ्या चुकांपाशी उभ्या चिरल्या, रंगाचे पापुद्रे उडाले. दोन आडवे तुटले, तीन वाकड्या चुकांना लोंबकळत राहिले. तपकिरी रंगाच्या आत पांढरं लाकूड उघडं पडलं. ऋषिकेशने विलायची चावायची थांबवली. जितेंद्र म्हणाला, “अशी तं कोनतीबी तुटन.”

ताराचंद याचीच वाट पाहत होता.

“नमुना आना,” तो म्हणाला. “माही लावा.”

सागाची शिडी आणली. शेडमधल्या अंधारातही ती उठून दिसत होती. ताराचंदने स्वतः साखळ्या बांधल्या, आणि जितेंद्रकडे न बघता धोंडबाला हात केला.

आवाजसुद्धा झाला नाही. ट्रक हातभरही हलला नसेल. टेबलाचा खण ओढावा तशी कुसवं खाचांतून सरळ बाहेर आली, सगळीच्या सगळी, आणि एक दांडा साखळीसकट ट्रकमागे निघून गेला. धोंडबाला कळलंही नाही, तो आणखी दहा पावलं पुढे जाऊन थांबला.

ताराचंद वाकला. खाचा स्वच्छ, चौकोनी, एक चीर नाही. कुसवं गुळगुळीत, कोरी. काही तुटलं नव्हतं, कारण काही धरलेलंच नव्हतं. खोक्याच्या फळीतली वाकडी चूक निदान लोंबकळत तरी होती.

त्याला कळायला वेळ लागला नाही, आणि तेच वाईट होतं. कुसू वजन पेलतं. पायरीवर माणूस उभा राहिला तर ते शंभर वर्षं हलणार नाही. पण ओढलं तर त्याला अडवणारं काही नाही. तिथे सांधा असा कापावा लागतो की टोकाशी रुंद, गळ्याशी अरुंद, म्हणजे ओढावं तितका घट्ट आवळतो. नाहीतर आरपार खुंटी मारावी लागते. हे त्याला ठाऊक होतं. गढवालात दोन वर्षं त्याने तेच केलं होतं. बापाच्या शिडीला निदान तार तरी असायची, तीही या शहाण्याने काढून टाकली होती. शिडी हा शब्द कानावर पडला आणि हातांनी संत्र्याच्या बागेतली शिडी बनवली. चढायची. ज्याला तो आत्ता टॅबवाला म्हणून मनात शिव्या देत होता, त्याने आणि आपण एकच चूक केली, आणि आपली चूक सागात केली, हे त्याला दिसलं.

तो उठून शेडमागे गेला आणि ओकला. नुसतं पाणी पडलं.

जितेंद्र मागोमाग आला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. या वेळी त्याने खांद्यावर हात ठेवला नाही, जवळ उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात बोलला.

“मिस्त्री, झालं ते झालं. त्या पोट्ट्यासोबत मी बोललो. तो फक्त माह्या फळ्याइचं लिवते. तुमच्या शिडीचं कोनी नाव घेत नाही.” तो थांबला. “मी तीनशेच्या तीनशे सागाच्या करून देतो. तुम्ही म्हनान तो सांधा. खुंट्या बी मारू. तुम्ही उभे ऱ्हा अन् करून घ्या. शाळेचं तेवढं सोडून द्या. ते भिंतीत गेलं. आता कोनाले दिसते?”

ताराचंदने चूळ भरली. वाईट हे, की जितेंद्रचं बोलणं त्याला पटलं. गावातल्या सगळ्या घरांना चांगल्या शिड्या मिळत होत्या. शाळा एक. भूकंप उद्याच थोडा होणार आहे, कदाचित पन्नास वर्षं होणार नाही. वरून दगडाचं वजन आहे. छताचं वजन आहे. घासून बसलेली कुसवं थोडं तरी धरतीलच. हे सगळं त्याच्या डोक्यात झरझर येत गेलं, अगदी नीट, एकात एक बसणारं, केसाएवढीही फट नसलेलं. आणि त्या माणसासमोर, ज्याचा हात त्याने किड्यासारखा झटकला होता, आपण मान डोलवतोय हे त्याच्या लक्षात आलं.

एवढी किळस त्याला खर्ऱ्याच्या पापुद्र्याचीही आली नव्हती.

त्याने फोन काढला. जितेंद्र म्हणाला, “काहून घाई करता, उद्या बोला,” आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. ताराचंदने या वेळी तो झटकला नाही. त्याच हाताने फोन कानाला लावला.

“बोला काका,” गार्गी म्हणाली. तिचा आवाज खुशीत होता. “आला का तो तपासणीवाला? फळ्या बाद केल्या ना?”

“केल्या. शाळेचं काम कुठवर आलं वं?”

“सांगायलाच फोन करणार होते. छतसुद्धा झालं. गावाला धीर निघेना, सोमवारपासून पोरं बसवलीत. ऐका.” तिने फोन लांब धरला असावा. पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती, पाढे असतील.

“किती हायेत आत?”

“आज बासष्ट. काहून?”

“बाहेर काढ त्यांले.”

“काय?”

“आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. भिंती उतरवा लागतीन. सगळ्या. मी येतो, माह्या हातानं उतरवतो, पन पहिले पोराइले काढ.”

“काका, झालं काय पण? तिथे तर तुमच्याच शिड्या आहेत ना?”

“म्हनूनच तं सांगून राहिलो,” ताराचंद म्हणाला. “त्या माह्या हातच्या हायेत.”

गार्गीचा आवाज फोनपासून दूर गेला, ती कुणाला तरी हिंदीत हाका मारत होती, आणि बाकं सरकल्याचा आवाज आला. पोरांचा गलका मोठा होत होत उघड्यावर आला. ताराचंदने फोन कानाला घट्ट दाबून धरला होता. शेवटचं पोर बाहेर आलं का, हे त्याने दोनदा विचारून घेतलं, तिसऱ्यांदा मोजायला लावलं, आणि बासष्ट हा आकडा ऐकल्यावर फोन ठेवला.